आधी कोणाचे शेत?

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांतून गेली काही वर्षे एक प्रश्न घरोघर चर्चिला जात आहे. दारात छोटा ट्रॅक्टर ठेवावा की ठेवू नये? पंधरा-वीस अश्वशक्तीचा, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालू शकणारा, लोक ज्याला नुसते ‘मिनी’ म्हणतात तो हा ट्रॅक्टर. मोठ्या बागायतदाराला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या दारी पन्नास अश्वशक्तीचे धूड उभे असते आणि ते वर्षभर फिरत असते. भूमिहीनालाही तो पडत नाही. तो पडतो मधल्या माणसाला. दारव्हा किंवा राळेगावकडे ज्याची पाच-सात एकर कोरडवाहू जमीन आहे, बैलजोडी ज्याच्या गोठ्यातून गेली आहे आणि गुढीपाडव्याला सालदार ठेवण्याची ज्याची ऐपत उरलेली नाही, अशा शेतकऱ्याला तो पडतो. शिक्षकाची वा कारकुनाची नोकरी संपवून तालुक्याच्या गावी स्थायिक झालेल्या आणि वडिलांची पाच एकर जमीन विकवत नाही म्हणून कसत राहिलेल्या माणसालाही तो पडतो.

या दोघांचीही ट्रॅक्टरजोगी कामे वर्षातून मोजक्या दिवसांची असतात. उन्हाळ्यात शेणखत टाकायचे, वखरणी करायची, मृगानंतर पेरणी, पुढे दोन-तीन वेळा डवरणी, अधूनमधून धुऱ्यावरची झुडपे ओढून काढणे, विहिरीतला गाळ हलवणे, वेचलेला कापूस आणि सोंगलेले सोयाबीन घरी आणणे. उरलेले दिवस यंत्र टिनाच्या छपराखाली उभे. तेव्हा ठेवावे की न ठेवावे, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे असे वरवर वाटते. परंतु ज्या निर्णयामागे सरकारी अनुदान असते, बँकेचे कर्ज असते, सातबाऱ्यावर चढणारा बोजा असतो आणि शेजाऱ्याच्या पेरणीचा वेळही ज्यात गुंतलेला असतो, तो निर्णय खाजगी कसा म्हणावा?

शहरातल्या शहाण्यांचे यावर एक ठरलेले उत्तर असते: शेतकऱ्याला हौस फार, ऐपत नसताना ट्रॅक्टर घेतो आणि मग कर्जमाफी मागतो. हे उत्तर जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे. बैलजोडी गेली ती हौसेपायी गेलेली नाही. जोडी पोसली जात होती ती ज्वारीच्या कडब्यावर आणि गावाच्या गायरानावर. कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीला शेतातून हुसकले, तेव्हा कडबाही गेला. गायराने आक्रसली. चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या पुढे गेली. त्यातच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैलांपर्यंत वाढली आणि थकलेला बैल विकून त्या पैशात थोडी भर घालून नवा घेण्याचा जो पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता, तो मोडला. कायद्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. परंतु म्हाताऱ्या बैलाची वैरण कोणी द्यायची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले नाही. ते शेतकऱ्याच्या गोठ्यावर सोडून दिले. पुढे २०२२ मध्ये लम्पी रोगाची साथ आली. अशा रीतीने ज्याला जोडी ठेवणे अशक्य झाले, तो यंत्राकडे वळला तर त्यात नवल ते काय?

शिवाय दुसरे एक कारण आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. जोडी नसलेला शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून असतो. यवतमाळची बहुतेक जमीन काळी आणि पावसाच्या भरवशावरची. पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांनी जमिनीला वाफसा येतो. तोवर चाक रुतते, आणि वाफसा सरला की ढेकूळ फुटत नाही. पेरणी, डवरणी या साऱ्यांचा मुहूर्त या मोजक्या दिवसांत असतो. आणि तो सर्वांचा एकदमच असतो! गावात ट्रॅक्टर दोन असले आणि बोलावणारे साठ असले, की मालक आधी स्वतःचे शेत करतो, मग भावकीचे, मग ज्याची पंधरा एकर सलग आहे त्याचे. धुऱ्यापलीकडच्या अडीच एकराच्या तुकड्यासाठी ट्रॅक्टर वळवणे त्याला परवडत नाही. ‘उद्या येतो’ म्हणता म्हणता वाफसा जातो. पेरणी आठ-दहा दिवस लांबली की कोरडवाहू पिकाला त्याची किंमत शेवटी, पाऊस निघून गेल्यावर, चुकवावी लागते. ही किंमत कोणत्याही बँकेच्या कागदावर दिसत नाही. ती फक्त लहान शेतकऱ्यालाच माहीत असते.

आता हिशेब पाहावा. अंदाज म्हणून सहा एकरांचा शेतकरी घ्यावा. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होते. तेव्हा सहा एकरवाला म्हणजे काही अगदी तळाचा माणूस नव्हे. मिनी ट्रॅक्टर, त्याचा रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, डवरा आणि लहान ट्रॉली मिळून ५ लाख रुपये धरावेत. दहा वर्षांनी त्याचे १ लाख आले असे मानले, तर घसारा वर्षाला ४०,००० रुपये. सरासरीने गुंतून राहिलेल्या ३ लाखांवर दहा टक्के व्याज ३०,००० रुपये. विमा, टायर, तेलपाणी आणि किरकोळ दुरुस्ती १०,००० रुपये. असे वर्षाला ८०,००० रुपये झाले, आणि यात डिझेलचा थेंब धरलेला नाही. निवृत्तीच्या रकमेतून रोखीने घेतला तरी व्याज सुटत नाही; ठेवीवर मिळाले असते ते बुडतेच.

काम किती? वखरणी व रोटाव्हेटरचे वीस तास, पेरणीचे आठ, डवरणीचे अठरा, वाहतुकीचे पंचवीस आणि इतर किरकोळ नऊ. एकूण ८० तास. तासाला दोन लिटर डिझेल आणि लिटरला ९० रुपये धरले तर १४,४०० रुपये आणखी. म्हणजे एकूण ९४,४०० रुपये, तासाला ११८०. उलट गावातला मोठा ट्रॅक्टर चालक-डिझेलसह तासाला हजार रुपयांनी मिळतो असे धरले, तर तो वखरणी-पेरणी निम्म्या वेळात उरकतो, त्याच्या मोठ्या ट्रॉलीला खेपाही कमी लागतात, आणि सारा खर्च ६०,००० रुपयांच्या आत बसतो. गावोगावचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. परंतु निष्कर्ष बदलणार नाही. ८० तासांसाठी यंत्र दारात ठेवणे म्हणजे वर्षाला पस्तीस-चाळीस हजारांचा जास्तीचा खर्च अंगावर घेणे. तेच यंत्र वर्षाला ४०० तास चालले तर घसारा-व्याजाचा भार तासाला दोनशे रुपयांवर येतो आणि डिझेल-दुरुस्ती मिळूनही तास पाचशेच्या आत पडतो. ट्रॅक्टर परवडायचा तर त्याने वर्षाला हजारेक तास काम केले पाहिजे, असा ठोकताळा या देशात मोठ्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी पूर्वीपासून धरला जात आला आहे, तो याच कारणाने.

मग हे चाळीस हजार शेतकरी कशासाठी मोजतो? तो अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. हे पैसे तो ट्रॅक्टरसाठी मोजत नाही, पहिल्या नंबरासाठी मोजतो. वाफशाच्या दिवशी कोणाच्या दारी विनवणी करायला जावे लागू नये, याची ती किंमत आहे. हे ज्याला कळले नाही, त्याने या शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश करू नये.

तथापि किंमत समजण्याजोगी आहे म्हणून ती परवडते असे होत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. वर्षाचे ८०,००० रुपये म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल पिकला तर दोन एकरांचे सगळेच्या सगळे पीक. तेही हमीभाव हाती पडला तर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, आणि खेडा खरेदीत कापूस घालणाऱ्याला हमीभाव हा किती दूरचा शब्द आहे ते पुन्हा दिसले. सहा एकरांतले दोन एकर ट्रॅक्टरने खाल्ले, तर उरलेल्या चार एकरांत बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, मुलांचे शिक्षण आणि घरातले आजारपण बसवायचे!

आणि हप्ता पावसाकडे पाहून येत नाही. ट्रॅक्टर तर तारण असतोच. बहुधा जमिनीच्या सातबाऱ्यावरही बोजा चढतो, आणि हप्ता थकला की पीककर्जाची वाटही अडते. यवतमाळ जिल्ह्याला कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या अखेरीस राज्य सरकारने जाहीर केलेली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना पीककर्जापुरती होती. ट्रॅक्टरचे मुदतीचे कर्ज तिच्यात बसत नव्हते. थकलेले पीककर्ज माफ झाले म्हणून ज्याने सुटकेचा निःश्वास टाकला, त्याच्या दारातले यंत्राचे कर्ज तसेच उभे राहिले.

लहान शेत आणि घरोघर यंत्र हा प्रयोग जगात झालाच नाही असे नाही. जपानमधली शेते यवतमाळच्या शेतांहून लहान. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत घराघरांत लहान ट्रॅक्टर आले. परंतु त्या घरांतली माणसे आठवडाभर कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करून रविवारी शेती करीत. यंत्राचा हप्ता भाताने फेडला नाही, पगाराने फेडला. इतके असूनही तेथे ‘यांत्रिकीकरणाचे दारिद्र्य’ अशा अर्थाचा शब्दप्रयोगच रूढ झाला. यवतमाळला रविवारची शेती करता येईल अशी नोकरी देणारे कारखाने कोठे आहेत? वणीच्या कोळसा खाणी सोडल्या तर मोठा रोजगार शोधावा लागतो. येथे पगाराने हप्ता फेडणारा असेल तर तो शिक्षक किंवा निवृत्तिवेतनधारक, आणि त्याचा ट्रॅक्टर पाहून त्याचा शेजारी हुरळतो, ज्याला पगारही नाही आणि पेन्शनही नाही.

सरकारचे धोरण या हुरळण्याला उत्तेजन देणारे आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून वैयक्तिक ट्रॅक्टरला अनुदान मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर कमी झाला हे चांगलेच झाले. परंतु स्वस्तात मिळालेली वस्तूही पुढे पोसावी लागते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्या काळातल्या मदतीत दुभत्या गाई वाटण्याचाही कार्यक्रम होता. गाई आल्या, चारा, पाणी आणि दुधाला गिऱ्हाईक यांची सोय आली नाही. ज्या घरात माणसांचे पोट भरत नव्हते तेथे आणखी एक तोंड वाढले. अनुदान वस्तूला मिळते, तिच्या संसाराला मिळत नाही. गाईच्या बाबतीत घडले ते ट्रॅक्टरच्या बाबतीत घडणार नाही याची हमी कोणी दिली आहे?

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ट्रॅक्टरने कष्ट वाचतात, पण कोणाचे? नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी ही पुरुषाची कामे. पूर्वी तो ती बैलांमागे चालून करी, आता बसून करतो. निंदण आणि कापसाची वेचणी ही बाईची कामे. ती पूर्वी वाकून होत होती, आजही वाकूनच होतात. घरात पाच लाखांचे यंत्र आले तरी बाईच्या कमरेचा वाक तसाच राहिला. उलट हप्ता भरायचा म्हणून तिला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावे लागले तर तो वाढलाच. गांधीजींना १९२४ साली विचारले गेले होते की सर्व यंत्रांना आपला विरोध आहे काय. तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद सांगितला होता. कारण काय, तर बायकोचे सुईदोऱ्याचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र बनले असे ते मानीत. या कसोटीला मिनी ट्रॅक्टर कितपत उतरतो हे घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी एकदा प्रामाणिकपणे पाहावे. सायकलच्या चाकावर बसवलेला हातडवरा काही हजारांत मिळतो, किंवा गावच्या लोहाराकडून करून घेता येतो. बाई तो उभ्याने चालवू शकते, दोन ओळींतले तण निघते, आणि त्याला ना डिझेल लागते ना तारण. ट्रॅक्टरच्या जाहिरातीपुढे हे अवजार कोणाच्या नजरेत भरत नाही, एवढेच.

राममनोहर लोहियांनी मे १९५२ मध्ये पचमढीच्या समाजवादी पक्षाच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. ज्या देशात माणसे पुष्कळ आणि भांडवल तुटपुंजे, तेथे अमेरिका किंवा रशिया यांच्या मापाची यंत्रे नेहमीच मूठभरांच्या हाती राहतील. म्हणून थोड्या भांडवलात, घरात वा गावात, अनेकांना चालवता येतील अशी यंत्रे शोधली पाहिजेत, असा त्याचा आशय होता. मिनी ट्रॅक्टरचे समर्थन करताना कोणी या विचाराचा दाखला देईल. परंतु यंत्राचे लहानपण अश्वशक्तीवर ठरत नसते. ज्याच्यासाठी जमीन गहाण पडते आणि जे वर्षातले तीनशे दिवस उभे राहते, ते यंत्र पंधरा अश्वशक्तीचे असले तरी सहा एकरवाल्यासाठी अवजडच आहे. तेच यंत्र दहा-बारा घरांत वाटले गेले आणि रोज चालले, तर ते खरोखर लहान होते. एकच यंत्र, एकाच कारखान्यातून आलेले, एका घराला बुडवू शकते आणि दहा घरांना तारू शकते. फरक यंत्रात नाही, व्यवस्थेत आहे.

या देशात ट्रॅक्टर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो कोणाच्या दारचा म्हणून आला नव्हता. १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली; महायुद्धातून उरलेले ट्रॅक्टर घेऊन तिने मध्य भारतातील कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले आणि १९४९ मध्ये त्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले गेले. यंत्र सार्वजनिक, काम ठरल्या दराने. पुढे कारखाने निघाले, विक्री वाढली, आणि ट्रॅक्टर म्हणजे कर्ज काढून घरी आणण्याची वस्तू हे समीकरण पक्के झाले.

सामायिक यंत्राची कल्पना सरकारला आजही सुचत नाही असे नाही. यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजार बँका आहेत. २०१८ पासून यवतमाळसह पंधरा जिल्ह्यांत राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातूनही शेतकरी उत्पादक कंपन्यांना व गटांना अशी केंद्रे काढण्यास मदत मिळाली. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत तर अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे यांसाठी ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान ठरले; गटाने ३५ हजार भरावयाचे. मालकी एकाची नाही, निदान दहा सभासदांच्या गटाची. कागदावर याहून चांगली योजना सांगता येणार नाही. परंतु कागद यंत्र मिळेपर्यंतचाच विचार करतो. कोणत्या सभासदाचे शेत आधी, चालकाचा पगार कोणी द्यायचा, क्लच गेला तर पैसे कोठून आणायचे, गटाबाहेरच्यांना कोणत्या दराने द्यायचे, याविषयी तो गप्प असतो. आणि जेथे नियम गप्प असतो तेथे ज्याच्या दारात यंत्र उभे असते तोच बोलतो. सामायिक यंत्र हळूहळू अध्यक्षाचे यंत्र कसे होते, हे सांगायला फार अनुभव लागत नाही.

म्हणजे गाठ सुटायची ती मालकीपाशी नव्हे, नंबरापाशी. आणि नंबर लावण्याची अक्कल मराठी खेड्याला नवी नाही. इर्जिक, सावड, पैरा या शब्दांमागे ती उभी आहे: ज्याच्याकडे एक बैल त्याने दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायची, आज तुझे शेत, उद्या माझे. यात कोणी जमीन एकत्र केली नव्हती. १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला, तेव्हा ‘जमीन जाणार’ या भीतीने देशभर काहूर उठले आणि ठराव कागदावरच राहिला. त्या भीतीला यंत्राच्या प्रश्नात जागा नाही. धुरा जेथे आहे तेथेच राहू द्यावा. ट्रॅक्टरने तो ओलांडला म्हणजे पुरे.

यंत्र खाजगी ठेवूनही नंबर सामायिक करता येतो, हे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात १९५८ साली एरिश गायर्सबर्गर या शेतीविषयक पत्रकाराच्या पुढाकाराने दिसून आले. तेथील शेतकऱ्यांनी ‘यंत्रमंडळे’ काढली. ज्याचे यंत्र त्याचेच राहते; परंतु मंडळाचा एक व्यवस्थापक कोणाचे यंत्र कोणत्या दिवशी रिकामे आहे याची नोंद ठेवतो, दर ठरलेले असतात आणि हिशेब मंडळामार्फत होतो. फ्रान्समध्ये १९४५ पासून शेतकऱ्यांनी यंत्रे विकत घेण्यासाठी लहान लहान सहकारी संस्था केल्या. या दोन्ही देशांतला शेतकरी यवतमाळच्या शेतकऱ्यापेक्षा कितीतरी सधन. तरीही एकट्याने यंत्र पोसणे त्याला परवडेना. मग ज्याचे घर कापसाच्या भावावर हेलकावे खाते त्याने एकट्याने का पोसावे?

लांब जाण्याचेही कारण नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या मापाने दिले जात नव्हते, माणसांच्या मापाने दिले जात होते: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याची जमीन वीस एकर त्यालाही तेवढेच. दुर्मीळ वस्तूची वाटणी कशी करावी याचा तो धडा होता. वाफशाच्या चार दिवसांतला ट्रॅक्टर ही पाण्याइतकीच दुर्मीळ वस्तू आहे.

हाच नियम गावच्या ट्रॅक्टरांना लावून पाहावा. पहिल्या फेरीत कोणाचेही शेत दोन एकरांपेक्षा जास्त करायचे नाही. सर्वांचे दोन-दोन एकर झाले की दुसरी फेरी. नंबर चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, पुढच्या हंगामात तो उलटा फिरवायचा, आणि यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायची. दर ग्रामसभेने हंगामापूर्वी ठरवायचा. गावात चार छोटे ट्रॅक्टर असतील आणि एक ट्रॅक्टर दिवसाला पाच-सहा एकर पेरत असेल, तर चाळीस घरांची पहिली फेरी चार दिवसांत उरकते; म्हणजे एका वाफशात. प्रत्येक तासामागे ठराविक रक्कम दुरुस्तीच्या खात्यात टाकायची आणि गावातल्याच एका तरुणाला चालक म्हणून बांधून घ्यायचे. अनुदान देणाऱ्या खात्याने फक्त एवढे पाहावे की यंत्र वर्षात किती तास चालले आणि किती घरांच्या शेतात चालले. यंत्र दिल्याचा फोटो काढण्यापेक्षा त्याच्या तासांची वही तपासणे अधिक उपयोगाचे.

यावर आक्षेप येतील. सामायिक वस्तूची निगा कोणी राखत नाही; गावात राजकारण आहे; ज्याचा पक्ष सत्तेत त्याचा नंबर आधी लागेल. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु खाजगी मालकीत राजकारण नसते काय? आज लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो तो कोणत्या न्यायाने? फळ्यावर लिहिलेला अन्याय निदान सर्वांना वाचता येतो आणि ग्रामसभेत त्याच्याविरुद्ध बोलता येते. शिवाय हा उपाय सर्वत्र सारखा लागू पडणार नाही हेही मान्य केले पाहिजे. झरी-जामणी, मारेगाव भागात कोलाम बांधवांचे उताराचे, दगडगोट्यांचे तुकडे आहेत. तेथे ट्रॅक्टर एकट्याचा असो की सर्वांचा, बैलच उपयोगी. त्यांच्या बैलांच्या वैरणीला आणि औषधपाण्याला अनुदान का असू नये, हा प्रश्न यांत्रिकीकरणाच्या खात्याने स्वतःला विचारावा.

तोवर, आज ज्याला निर्णय करायचा आहे त्याने काय करावे? ज्याच्या स्वतःच्या आणि भाड्याच्या कामाचे मिळून तीनशे-चारशे तास भरतात, घरात चालवणारा आहे आणि जवळ दुरुस्तीची सोय आहे, त्याने मिनी ट्रॅक्टर खुशाल ठेवावा. गावाला त्याचा उपयोगच होईल. ज्याचे तास शंभराच्या आत आहेत त्याने एकट्याने कर्ज काढू नये. चार-पाच धुरेकऱ्यांनी मिळून, कोणाचे शेत आधी हे कागदावर लिहून आणि सह्या करून, मगच शोरूमची पायरी चढावी. ज्याच्या दारात तो आधीच उभा आहे आणि हप्ते थकत आहेत, त्याने प्रतिष्ठेपायी तो धरून ठेवू नये. यंत्र विकून कर्ज कमी करता येते. यंत्र वाचवण्यासाठी शेत विकले तर यंत्र चालवायचे कोठे? आणि ज्याला पगार वा पेन्शन आहे, ज्याचा ट्रॅक्टर केवळ सोय म्हणून उभा आहे, त्याने वाफशाच्या दिवशी आपले पाच एकर झाल्यावर छपराखाली नेण्याऐवजी तो शेजारच्या अडीच एकरात रास्त दराने घालावा.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली आता काही गावांत बैलांच्या जोडीने ट्रॅक्टरही उभे राहू लागले आहेत. त्यांना झूल घातली म्हणून बिघडत नाही. पण त्या वर्षी ते किती शेतांत गेले आणि सर्वांत लहान शेतात कोणत्या दिवशी पोहोचले, हे गावाने त्याच दिवशी विचारावे.